बेंबीसकट दगडफूल

आमच्या घरमालकीणबाईंच्या फ्रीजमध्ये मी कधी बर्फ पाहिला नाही. खोली बघायला गेले त्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "गच्ची वापरा, अंगण वापरा, पेपर वाचून परत घडी घालून ठेवा. पण फ्रीजच्या वरच्या कप्प्याला हात लावायचा नाही. तिथे माझे पाहुणे झोपलेले असतात." मी मिरजेच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासण्याचं काम करते. फ्रीजमध्ये लोक काय काय ठेवतात हे मला जरा जास्तच ठाऊक. वाईला आईला फोन केला, तर ती म्हणाली, "खोलीत ऊन येतं ना? मग तू खालच्या फ्रीजकडे बघतेस कशाला?"

पाहुणे म्हणजे दगडफूल. आपण मसाल्यात घालतो ते, वाळक्या काळपट पानांसारखं, आणि त्याचे असंख्य जातभाई. दगडांवर, झाडांच्या सालींवर, देवळांच्या भिंतींवर ही मंडळी राहतात. बाई ती खरवडून आणत, वाळवत, कागदाच्या पाकिटात घालत आणि त्यातली कीड मरावी म्हणून पाकिटं काही दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवत. मग ती कपाटात जात. हे कपाट मिरजेतल्याच एका सतारीच्या कारागिराने सतारीला लागतं त्याच लाकडाचं करून दिलेलं होतं आणि पावसाळ्यात त्याचे खण ओढले की कण्हत.

बाई सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सत्तरीला टेकलेल्या, उंच, काठीसारख्या. नऊवारी नाही, गोल पातळच, पण पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट. लग्न केलेलं नव्हतं. गळ्यात काळ्या दोऱ्यात भिंग. मला आधी तो ताईत वाटला होता. पर्समध्ये हातोडी आणि छिन्नी. एकदा एका लग्नाच्या जेवणावळीतून बाई गायब झाल्या आणि पंगत उठली तरी येईनात. शेवटी त्या कार्यालयाच्या मागच्या आंब्याला नाक लावून उभ्या असलेल्या सापडल्या. वरमाय म्हणाली, "बाई, जेवला का?" बाई म्हणाल्या, "थांबा हो, ही इथे कशी आली ते कळेना." वरमायला वाटलं तिच्या सुनेविषयीच बोलताहेत.

घराच्या कुंपणाची भिंत कुणाला रंगवू द्यायच्या नाहीत. भिंतीवरच्या प्रत्येक ठिपक्याभोवती खडूने गोल काढलेला. दर दिवाळीला नवा गोल. "हे माझे सगळ्यात जुने भाडेकरू," मला म्हणायच्या. "नळ उघडा ठेवून कामावर जात नाहीत." हा टोमणा माझ्यासाठी होता आणि रास्त होता.

घाईघाईने काही मागितलं की ठरलेलं उत्तर येई, "दगडफूल वर्षाला नखभरसुद्धा वाढत नाही. तुझं काय अडलंय?" गॅस सिलिंडर संपला तरी हेच. एकदा मी चिडून म्हणाले, "बाई, दगडफुलाला चहा लागत नाही, मला लागतो." तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला, आणि चहा त्यांनीच करून दिला. त्या हसण्यामुळे मी ती खोली पुढे कितीतरी वर्षं सोडली नाही, हे आता सांगायला हरकत नाही.

दगडफूल म्हणजे काय, हे मला त्यांनी त्याच चहाबरोबर सांगितलं. "एक बुरशी आणि एक शेवाळ यांनी मांडलेला संसार. बुरशी घर बांधते, शेवाळ चूल पेटवतं. दोघं वेगळी निघाली तर दोघांचे हाल कुत्रं खात नाही. एकत्र असली की जिथे गवताची काडी उगवत नाही तिथे सुखाने राहतात." अविवाहित बाईच्या तोंडून संसाराचं इतकं नेटकं वर्णन मी दुसरं ऐकलेलं नाही.

जिथे गवताची काडी उगवत नाही, त्या जागांचंच बाईंना वेड होतं. बर्फाच्या वरचे उघडे खडक. पण गुडघे असे की गच्चीच्या पायऱ्याही त्यांना जड. मग हिमालय चढणार कोण? तर फौजी. आपल्या सातारा-सांगलीत गावागावांतून पोरं फौजेत जातात, त्यांतली काही बाईंच्या वर्गात बसून नापास झालेली. अशाच एकाने पहिल्या सुट्टीला येताना पिशवीतून दगडच काढला आणि म्हणाला, "बाई, तुमचं त्ये आनलंय." तिथून ही परंपरा सुरू झाली. पोरं वरून येताना रमची बाटली आणि बाईंची पुडी, दोन्ही सांभाळून आणत.

दिल्लीकडची गाडी मिरजेला लागायची असली की बाई फलाटावर हजर. हातात चिवड्याचा डबा. हिरवी पेटी खांद्यावर घेतलेला पोरगा उतरला की डबा पुढे, पुडी मागे. पण नियम कडक. ज्याने दगडफूल खडकावरून काढलं, त्याच्याच हातून पुडी घेणार. भाऊ, मेहुणा, मित्र, कुणाकडून चालणार नाही. "मधला माणूस आला की पत्ता बदलतो," त्या म्हणत. एका मेहुण्याने खरंच वाटेत पुडी हरवून तिच्यात कडुलिंबाची साल भरून दिली होती. दुसरा नियम, नमुन्यावर त्याचं स्वतःचं सोडून दुसरं काही नको. माती नको, केस नको. एका हवालदाराची पुडी त्यात तंबाखूचा कण निघाला म्हणून त्यांनी परत केली होती. बिचारा पुन्हा वर जाऊन दुसरं घेऊन आला.

आणि तिसरा, पत्ता. कुठे सापडलं ते पाकिटावर लिहिल्याशिवाय नमुना म्हणजे कचरा. इथे मात्र फौज आडवी यायची. एकदा मी फलाटावर ऐकलेला संवाद:

"जागा कुठली?"

"जागा सांगता येत न्हाई, बाई."

"जिल्हा तरी?"

"लडाख म्हना की."

"उंची?"

"लय उंच."

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि पाकिटावर लिहिलं, 'लडाख, अतिशय उंच.' देशाच्या संरक्षणाखातर बाईंनी शास्त्रात केलेली ही एवढीच तडजोड.

आता मुख्य गोष्टीकडे येते. कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात दोन पाकिटं शेजारी शेजारी होती. एकात उत्तर ध्रुवाजवळचं दगडफूल. बाईंचा एक विद्यार्थी पुढे मोठा संशोधक झाला, तिकडच्या मोहिमेवर गेला आणि आठवणीने घेऊन आला. काळपट, कागदासारखं, खाली मधोमध एकाच बिंदूने खडकाला धरून राहणारं. त्या बिंदूला बाई बेंबी म्हणत. शेजारचं पाकीट रिकामं. हेच दगडफूल आपल्या हिमालयात बर्फाच्या वरही असतं. मधे सगळी दुनिया आणि दोन टोकांना हे दोघं भाऊ. बाईंना ते एकाच खणात हवे होते. वर जाणाऱ्या प्रत्येकाला त्या बजावत, "बेंबीसकट काढायचं. बेंबी तुटली तर ओळख पटत नाही."

मी राहायला आल्यावर काही वर्षांनी बाईंनी सगळा संग्रह पुण्याच्या एका मोठ्या हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाला, द्यायचं ठरवलं. "माझ्यामागे पुतण्या याची होळी करील," म्हणाल्या. तिकडच्या साहेबांनी बरेच दिवस घोळवून होकार दिला. मेअखेर टेम्पो येणार होता. आणि एप्रिलात फोन आला संदीपचा. कडेगावकडचा पोरगा, पहिल्या वर्षाला वनस्पतीशास्त्रात गटांगळी खाऊन फौजेत गेलेला.

"बाई, घावलं! बेंबीसकट!"

बाई खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. तो गावी पोचला होता, कराडला उतरून. रविवारी पुडी घेऊन मिरजेला येणार होता. त्या रात्री आमच्याकडे शिरा झाला.

शनिवारी पुन्हा फोन. या वेळी आवाज बसलेला. "बाई, आयनं मसाल्यात घातलं." आणि दुसरं वाक्य, "मला लगेच बोलवलंय, सुट्टी क्यान्सल. निघालोय."

बाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ भिंतीवरच्या खडूच्या गोलांकडे बघत बसल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सकाळी म्हणाल्या, "चल, कडेगावला जाऊन येऊ. मसाला कुटायच्या डंकावर, सुपात, कढईत, काहीतरी राहिलं असेल."

एसटीने विट्यावरून गेलो. दोन्ही बाजूंना ऊस. संदीपची आई, मालनकाकी, दारात उभी. ठेंगणी, ठसठशीत, पदर खोचलेला. तिची चूक म्हणावी तर चूक नव्हती. वर्षाचा मसाला करायला घेतलेला, मिरच्या उन्हात, खोबरं भाजून झालेलं, आणि खुंटीवरच्या लेकाच्या पिशवीत पुडी सापडलेली, तीत दगडफूल. कुठल्याही आईला काय वाटेल? पोराने आपल्यासाठी आणलं.

"म्हनलं, पोरगं आता शानं झालं. बाजारातलं मातीचं मिळतंय, म्हनून वरनं चांगलं आनलंय," काकी म्हणाली. "त्येलात परतलं तर काय फुललं वो! त्यो आला आन् डोक्याला हात लावून बसला. मग मला कळलं."

बाईंनी मसाल्याचा डबा मागितला. सूप मागितलं. मांडी घालून बसल्या आणि चिमट्याने मसाला निवडू लागल्या. काकीने माझ्याकडे बघितलं. तिच्या मसाल्यात आजवर कुणी खडा शोधला नसावा. सगळं तांबडं भुकट. त्यात काय सापडणार? शेवटी बाईंनी बोटाने मसाला जिभेवर ठेवला.

"चांगला आहे," म्हणाल्या. "किंचित मातीचा वास आहे. तिकडे ध्रुवाकडे बर्फात अडकलेल्या उपाशी माणसांनी हेच उकळून खाऊन जीव जगवला होता."

"निस्तं उकळून?" काकी कळवळली. "मीठ बी न्हाई?"

मग तिने आम्हाला भाकरी आणि आख्खा मसूर वाढला. त्याच मसाल्याचा. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. उत्तर ध्रुवाच्या भावाची ती आमटी इतकी झकास झाली होती की मला स्वतःची लाज वाटली, पण तिसरीही घेतली.

हात धुवायला उठले तेव्हा मला देव्हारा दिसला. खंडोबाच्या टाकासमोर, तांदळाच्या चिमटीवर, एक काळं पान. वर हळद, वर कुंकू. मी नुसतं "बाई" म्हटलं.

बाई आल्या. बघितलं. भिंग डोळ्याला लावलं आणि देव्हाऱ्यासमोर हळूहळू वाकत वाकत शेवटी पालथ्याच झोपल्या. काकीला वाटलं लोटांगण घालताहेत. तिनेही हात जोडले. जमिनीवरून बाईंचा आवाज आला, "आहे. बेंबी आहे. अख्खं आहे."

त्यांनी हात पुढे केला आणि काकी मधे आली.

"ते न्हाई द्यायची, बाई."

बाई उठून बसल्या.

"पोरगं वरनं जे काय आनतंय त्यातलं पयलं मी देवाफुडं ठेवती. गेल्या वक्ताला जर्दाळू ठेवला हुता. त्यो माघारी घरात येईस्तवर हालवत न्हाई. अवो, त्यो तिकडं बर्फात हाय. तुमास्नी काय सांगू? मसाल्याचा डबा सगळा न्या, पर ह्ये न्हाई."

मी बाईंकडे पाहिलं. मला त्यांची भीती वाटली, खरं सांगते. देव, नवस, ताईत या गोष्टींवर त्यांचं तोंड किती धारदार होतं ते मी ऐकलेलं होतं. मेअखेर टेम्पो येणार. तो हुकला तर पुण्याचे साहेब पुन्हा होकार देतील याची खात्री नाही. आणि अर्धं आयुष्य ज्याची वाट पाहिली ते हातभर अंतरावर.

बाईंनी भिंग पदराने पुसलं आणि गळ्यात सोडलं. "बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या. "माझाही नियम आहे. काढणाऱ्याच्या हातूनच घ्यायचं. येऊ द्या त्याला."

येताना एसटीत त्या खिडकीशी बसल्या. मांडीवर काकीने दिलेला मसाल्याचा डबा होता. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी तो डबा माझ्याकडे घेतला, तेवढंच जमलं.

मेअखेर टेम्पो दारात आला. बाई कपाटासमोर खुर्ची टाकून बसल्या. "जोडी पुरी झाल्याशिवाय कपाट हलणार नाही." पुण्याहून साहेबांचा फोन. "एका नमुन्यासाठी, मॅडम? पुढे जागा मिळेल असं मी सांगू शकत नाही." बाई म्हणाल्या, "दगडफूल वर्षाला नखभरसुद्धा वाढत नाही. तुमचं काय अडलंय?" टेम्पोवाला चहा पिऊन रिकामा गेला.

मग सुरू झाले गुरुवारचे फोन. बाई कडेगावला फोन लावत.

"पान ठीक आहे? झुरळ? उंदीर?"

"देवाजवळ कुठलं झुराळ, बाई!"

"पाणी शिंपडता का त्याच्यावर?"

"आवं, देवाला आंघूळ न्हाई घालायची व्हय?"

यावर बराच वाद झाला. शेवटी देवाच्या आंघोळीच्या वेळी पानावर वाटी पालथी घालायची, असा तह ठरला. कुंकवाबद्दल मात्र काकी हटली नाही. बाईंनी आग्रह सोडला.

पावसाळ्यात काही आठवडे संदीपचा फोनच आला नाही. वर रेंज नसते, हे दोघींनाही माहीत होतं आणि दोघी एकमेकींना तेच समजावत. त्या दिवसांत माझ्या लक्षात आलं, फोन लागला की बाई आधी विचारतात, "पोराचा काही निरोप?" पानाची चौकशी नंतर, कधी कधी विसरूनही जात. एकदा मी तसं म्हटलं तर माझ्यावरच खेकसल्या, "तू नळ बंद केलास का?"

दिवाळीच्या तोंडावर संदीप निघाल्याचा फोन आला. या वेळी तो कराडला न उतरता मिरजेला येणार होता. सकाळच्या पहिल्या एसटीने मालनकाकी आमच्याकडे हजर. नवं लुगडं, आणि हातात खणाच्या कापडात गुंडाळलेली डबी. संदीप घरी येण्याआधी पान देवापुढून हलवलं कसं, हा प्रश्न मला पडला होता. तो तिलाही पडला होता.

"देवाला म्हनलं, तू बी चल," काकी म्हणाली आणि डबी उघडली. पानाशेजारी खंडोबाचा टाकही होता.

फलाटावर दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एकीच्या हातात चिवडा, एकीच्या हातात देव. गाडी उशिरा होती. काकीने तीनदा विचारलं, हीच का ती गाडी, आणि बाईंनी तीनदा नाही म्हणून सांगितलं, न वैतागता. संदीप उतरला तो काळवंडलेला, ओठ फुटलेले, पण धडधाकट. काकीने त्याचे खांदे, हात, बोटं चाचपून बघितली, सगळी आहेत ना. मग डबी त्याच्या हातात दिली. "तुज्या हातनं दे."

संदीपने डबी बाईंसमोर धरली आणि खाड्कन सलाम ठोकला. "घ्या बाई. बेंबीसकट."

चिवड्याचा डबा बाईंनी माझ्या हातात कोंबला, दोन्ही हातांनी डबी घेतली आणि सगळ्या फलाटासमोर ढसाढसा रडल्या. काकी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

घरी आल्यावर परीक्षा झाली. पानाच्या कडेचा एक कण मोडून त्यावर ब्लीचचा थेंब टाकायचा. खरं असेल तर लाल होतं. कण बघता बघता लाल झाला. काकी वाकून बघत होती.

"बगा की!" ती म्हणाली. "ह्येला आतनं बी कुंकू हाय."

पाकीट बंद करण्याआधी बाईंनी सवयीने बारीक कुंचला हातात घेतला, नमुना साफ करायला. कुंचला पानापर्यंत नेला. आणि परत बरणीत ठेवून दिला. पाकिटावर लिहिलं, 'लडाख, अतिशय उंच.' खाली संदीपचं नाव. त्याच्याखाली, ज्याला कुठल्याच पाकिटावर जागा नसते असा शब्द, 'जतन', आणि पुढे मालनकाकीचं नाव.

पुण्याच्या साहेबांनी आढेवेढे घेतले, पण कपाट नेलं. घर मोकळं झालं, फ्रीजचा वरचा कप्पाही मोकळा झाला, आणि मी पहिल्यांदा त्यात बर्फ लावला. दर उन्हाळ्यात कडेगावहून मसाल्याचा डबा येतो. मी आता मिरज सोडली आहे, तरी माझा वेगळा येतो.

कपाट गेल्यावर काही महिन्यांनी मी बाईंकडे बसले असताना हर्बेरियममधून एका मुलीचा फोन आला. नवीन लागलेली, आवाजावरून फार मन लावून काम करणारी. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, वरच्या खणातल्या एका नमुन्यावर काहीतरी लाल पावडर आहे. बाहेरची दिसते. साफ करून टाकू का?"

"हात लावू नकोस," बाई म्हणाल्या.

"पण मॅडम, नमुन्यावर दुसरं काही असू नये, असं कपाटाबरोबर आलेल्या तुमच्याच नियमांच्या पुस्तिकेत..."

"पुस्तिका बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण ते पुसायचं नाही. पोरगा अजून नोकरीत आहे."